दुसऱ्यांदा मागितलेलं रक्त

माझ्या प्रयोगशाळेत दोन नियम होते आणि दोन्हींवरून पोरं मला पाठीमागं शिव्या घालत. पहिला, आपली काचेची भांडी आपणच धुवायची, शिपायाच्या हातात एक नळीसुद्धा द्यायची नाही. दुसरा, शनिवारी दुपारी चहाला सगळे जमले की प्रत्येकानं उभं राहून या आठवड्यात काय चुकलं ते सांगायचं. काय जमलं ते सांगायचं नाही. जमलेलं कुठं पळून जात नाही, चुकलेलं मात्र माणूस गादीखाली सारतं, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. तेव्हा मी नांदेडला एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. आमच्याकडं पीएच.डी.ची सोय नव्हती. ज्यांना मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत जायचं असे, ती मुलं एम.एस्सी. झाल्यावर वर्षभर माझ्या हाताखाली काम करत, कारण नुसत्या मार्कांवर त्या संस्था आमच्या पोरांना दारात उभं करत नसत. हातून काहीतरी झालेलं दाखवावं लागे. मी त्यांना राबवायची, वाट्टेल तसं बोलायची, आणि टिकली तर शिफारस करायची.

ती आली ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. माझं माहेर औशाचं, म्हणून मला त्याचं फार कौतुक. माझे वडील तर नव्या कचेऱ्या बघायला मुद्दाम लातूरला जाऊन आले आणि त्या सगळ्या भाड्याच्या घरांत निघाल्या म्हणून तोंड पाडून परतले. त्याच कचेऱ्यांत कारकुनांची भरती चालली होती, आणि या मुलीचं नाव त्यात लागलं होतं. ती नोकरी सोडून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, तू शहाणी आहेस का अर्धवट, ते मला आधी ठरवू दे. ती म्हणाली, दोन्ही असंल, मॅडम. मला ती तिथंच आवडली, पण तसं दाखवायची माझी रीत नव्हती.

शिरूर अनंतपाळच्या पलीकडं एक गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीतली ती. आजोबांनी दीक्षा घेतलेली, बाप रोजगार हमीच्या कामावर, आणि वस्तीतून एवढं शिकलेली ती पहिलीच. डॉक्टरेट कशाला करायची असं मी सगळ्यांना विचारायची आणि सगळे आवड आहे म्हणून सांगायचे. हिनं आवडीचं नावच काढलं नाही. माझ्या मायला मान वळवता येत नाही, म्हणाली, मागून हाक मारली तर सगळं अंग घेऊन वळते. दवाखान्यात म्हणतात वय झालं. माय तर अजून चाळिशीतली. वस्तीत असे बरेच जण होते, कुणाचे गुडघे आखडलेले, कुणाला उकिडवं बसता येत नाही, आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, तिच्या धाकट्या भावाच्याही. तिचा संशय हापशावर होता. मागच्या मोठ्या दुष्काळात वस्तीत खोल बोअर घेऊन हापसा बसवला होता, तेव्हापासून सगळी वस्ती तेच पाणी पीत आली होती.

हापशाच्या आधी वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन थांबत. विहिरीला हात लावायचा नाही. कुणाला दया आली आणि वरून ओतलं तर पाणी, नाहीतर उन्हात उभं राहा. हे मी ऐकीव सांगत नाही. औशाला आमच्या घरी आड होता आणि मी ओतणाऱ्यांच्या घरातली. हापसा आला आणि वस्तीचं ते मिंधेपण संपलं. या दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा तर गावातल्या बायकाच वस्तीत पाण्याला आल्या, आणि तिची माय त्यांना म्हणाली, भरा की, पाणी काय कुणाच्या बापाचं हाय? हे सांगताना पोरगी मोकळं हसली होती. म्हणजे ज्या पाण्याचा तिला संशय होता त्याच पाण्याचा तिला अभिमानही होता, आणि हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड पाण्यात आहे हे आम्ही तपासून घेतलं. पण ते माणसाच्या हाडाला लागलंय का, हे पाणी सांगत नाही, रक्त सांगतं. हाड बिघडायला लागलं की रक्तातलं एक एन्झाइम वाढतं. ते मोजायची आमची पद्धत जुनी होती. ते एन्झाइम फॉस्फेट मोकळं करतं, आणि फॉस्फेट असलं की नळीतलं पाणी निळं होतं. निळं जितकं गडद तितकं एन्झाइम जास्त, एवढंच. म्हणून तर माझ्याकडं भांडी धुवायला साबणाची पावडर बंद होती. पावडरीत फॉस्फेट असतं. नळाखाली भरपूर पाण्यानं धुवा, आम्लात बुडवा, पुन्हा भरपूर पाणी, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. हे मी सगळ्यांना दम देऊन सांगितलेलं असे.

हिवाळ्यात तिनं तुलनेसाठी नांदेडच्या धडधाकट माणसांचं रक्त तपासलं. उन्हाळा लागल्यावर वस्तीचं घ्यायचं ठरलं. रक्त मागणं सोपं नव्हतं, शहरात नेऊन विकतात अशी बोलवा होती. तिचा बाप घरोघर फिरला, माझी लेक हाय, तिच्यावर इस्वास नसंल तर माझ्यावर ठेवा म्हणाला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं आणि पोरगी बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन लातूरमार्गे एस.टी.नं नांदेडला आली. आकडे निघाले तसं मी खुर्चीतून उठलेच. वस्तीच्या नळ्या नांदेडच्या नळ्यांपेक्षा कितीतरी गडद होत्या. मी लगेच मुंबईच्या एका संस्थेला कळवलं, आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या एका जागेवर तिचं सगळं लागलेलं होतं. नोकरी गेलेली, वय चाललेलं, आणि बाप खडी फोडून तिच्या खोलीचं भाडं धाडत होता. मी पेढे आणले. माझ्या हातचे पेढे खाणारी ती पहिलीच, म्हणून बाकीची पोरं तिला लई दिवस चिडवत होती.

मुलाखत जवळ आली असताना एक नळी फुटली. त्या नळीला आम्ही ब्लँक म्हणायचो. तिच्यात रक्त सोडून बाकी सगळं घालायचं, आणि ती कोरी राहिली पाहिजे, म्हणजे बाकीच्यांवर भरवसा. ही नळी मी बूच लावून वेगळी ठेवलेली होती, दुसऱ्या कामाला ती कुणी वापरायची नाही. तिच्यात रक्त जात नसे, म्हणून ती नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं विसळली की पुरे. ती तिच्या हातून फुटली. तिनं रोजच्यातली एक नळी ब्लँकसाठी घेतली, आणि ती निळी झाली. दुसरी घेतली, तीही निळी, पण फिकट. ती दोन्ही नळ्या घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी आली. शनिवारची वाटसुद्धा बघितली नाही.

मी विचारलं, नळ्या कशानं धुतेस?

"राखेनं," ती म्हणाली.

उन्हाळ्यात कॉलेजचे नळ बंद झाले होते. टँकर आला तर आला, आणि आला तरी आमच्या वाट्याला बादलीभर पाणी. पावडर मी बंद केलेली, आम्लात बुडवावं तर ते धुऊन काढायला पाणी कुठून आणायचं? मग दुष्काळात घरची भांडी जशी निघतात तशीच तिनं माझ्या नळ्या काढल्या होत्या. गोवरीची कोरडी राख, चिंधीनं घासायचं, फडक्यानं पुसायचं, वर घोटभर डिस्टिल्ड वॉटर फिरवायचं. काच कशी लख्ख दिसत होती. पाणी वाचवलं म्हणून तिला मनातून बरंही वाटलं होतं. पण राखेतही फॉस्फेट असतं. पुण्याची एखादी पोरगी असती तर पाणी नाही म्हणून अर्ज करून घरी बसली असती. आमच्याकडच्या पोरी पाणी नाही म्हणून काम थांबवत नाहीत, त्या राख घेतात. माझी आईही तशीच भांडी घासायची, आणि मीही घासलेली आहेत.

पण म्हणून काय झालं होतं ते बघा. नांदेडच्या माणसांचं रक्त हिवाळ्यात तपासलेलं, पाण्यानं धुतलेल्या नळ्यांत. वस्तीचं रक्त उन्हाळ्यात, राखेच्या नळ्यांत. तो गडद निळा रंग वस्तीच्या हाडांचा होता की चुलीतल्या राखेचा, हे आता कुणालाही सांगता येत नव्हतं. आणि रक्त संपलं होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण व्हरांड्यातली पोरं पांगली एवढं आठवतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आवाज ऐकून आमचे विभागप्रमुख आले. गृहस्थ भले होते, पोरीचं वाईट व्हावं असं त्यांना बिलकूल वाटत नव्हतं. ते म्हणाले, ब्लँकचा आकडा सगळ्यांतून वजा करा, हवं तर थोडा जास्तीच करा, आणि पाठवा तिला मुंबईला. तिथं कोण राख बघायला बसलंय? आता राख काही प्रत्येक नळीला मोजून सारखी लागत नाही, कुणाला जास्त, कुणाला कमी. मग वजा काय करायचं, डोंबल? खरं सांगते, पोरगी समोर उभी होती म्हणून माझंही मन डगमगलं. पण मी म्हटलं, सर, तुमचा चहा निवतोय. ते समजले आणि गेले.

ते गेल्यावर तिनं मान वर केली. मला वाटलं, जागेचं विचारेल. तिनं विचारलं, "मॅडम, म्हणजे पाणी चांगलं बी असू शकतं ना?"

तिच्या तोंडावर आशा होती. मी शिक्षिका म्हणून बरंच बघितलं होतं, पण आपलंच काम खोटं निघावं अशी आशा करणारं माणूस पहिल्यांदा बघत होते. पाणी चांगलं निघालं तर दाखवायला काही उरत नव्हतं, मुंबई गेली. पाणी वाईट निघालं तर मुंबई मिळण्यासारखी होती, पण हापसा जाणार होता. माझा सगळा राग उतरला. मी तिला म्हटलं, असू शकतं, आणि नसूही शकतं. पुन्हा रक्त घेतल्याशिवाय तुलाही कळणार नाही आणि मलाही. त्याच दिवशी मी मुंबईला कळवलं की कामात दोष सापडलाय, मुदत द्या. उत्तर सभ्य होतं. यंदाच्या जागा भरतील, पुढच्या वर्षी अर्ज करावा. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही असं तिच्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं.

पुन्हा रक्त मागायला मी तिच्याबरोबर गेले. पहिल्यांदा मागणं वेगळं, आणि तेच पुन्हा मागणं वेगळं. लातूरहून निघालेल्या गाडीत मी तिला वाटभर शिकवत होते. इतकंच सांग की तपासणी पुन्हा करायची आहे. हापशाचं आत्ता काढू नकोस, निकाल आल्यावर बघू. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

विहाराच्या ओसरीवर माणसं जमली, आरोग्य केंद्रातले डॉक्टरही आले होते. मला खुर्ची दिली, तिला नाही. एका म्हाताऱ्या बाईनं सरळ विचारलं, पयल्या रक्ताचं काय केलंस, पोरी? आणि ती उठून उभी राहिली, अगदी माझ्या शनिवारच्या चहाला उभी राहायची तशी, हात मागं बांधून. म्हणाली, माझ्या हातून वाया गेलं. नळ्या राखेनं घासल्या, राखेनं रंग बदलतो, हे मला ठाऊक नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. राखेनं भांडं खराब होतं हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणी हसलं नाही. मग माझ्याकडं न बघता ती पुढं बोलली. पाणी खराब निघालं तर हापसा बंद होईल. हे सांगितल्याबिगर मी कुणाचंच रक्त घेणार न्हाई.

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. झालंही तसंच. माणसं उठायला लागली. तिचा सख्खा चुलता सगळ्यांत आधी उठला. तो म्हणाला, हाडं गेली तर गेली, पुन्हा त्या विहिरीवर बायका उभ्या करायच्या न्हाईत आपल्याला. त्याच्यामागं निम्मी ओसरी रिकामी झाली. मला त्याचा राग आला नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. पोरगी तशीच हात मागं बांधून उभी होती.

तिची माय भिंतीला टेकून बसली होती. ती सगळं अंग लेकीकडं वळवून म्हणाली, "खराब निघालं तर हापसा जाईल?"

"हाव, माय."

"अन् तपासलंच न्हाई तर?"

"तर धाकट्याची मान तुझ्यासारखी होईल. समद्या लेकरांची."

 मायनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि डॉक्टरांपुढं हात केला. तिच्यामागून जे बसून राहिले होते त्यांनी दिलं. पहिल्याइतकं रक्त मिळालं नाही, पण काम होण्याइतकं मिळालं.

नांदेडला आल्यावर नळ्या धुवायला पाणी मी माझ्या घरून आणलं. घरचे म्हणाले, प्यायला नाही आणि तू नळ्या धुतेस. मी म्हटलं, हो, धुते. नांदेडचं रक्तही पुन्हा घेतलं, म्हणजे दोन्हीकडच्या नळ्या एकाच पाण्यानं धुतलेल्या. ब्लँक कोरी राहिली. मग वस्तीच्या नळ्या एकेक करून निळ्या व्हायला लागल्या. आधीइतक्या गडद नाही, पण नांदेडच्या नळ्यांपेक्षा स्पष्ट गडद. संशयाला जागा नव्हती. आधीचे आकडे राखेनं फुगवले होते, पण हाडंही खरंच बिघडलेली होती. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं गं. ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तसं मी कुणाला करत नसे.

अहवाल तिनं स्वतः लातूरच्या कचेरीत नेऊन दिला. मी बरोबर होते, पण बोलली तीच. जिल्हा नवा, साहेब नवा, कामाची हौस होती. माणसं आली आणि हापशाचा दांडा काढून घेऊन गेली. नळयोजना मंजूर करू असं सांगितलं. ती होईपर्यंत टँकर यायचा होता, आणि टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा होता. पुढच्या वर्षी तिनं मुंबईला पुन्हा अर्ज केला. मुलाखतीत तिनं राखेचीच गोष्ट आधी सांगितली म्हणे. जागा मिळाली. सांगायला ती माझ्याकडं आली तेव्हा मीच पेढ्याचं नाव काढलं. ती म्हणाली, नको, मॅडम.

ती गेल्यावर काही महिन्यांनी औशाला जाताना मी वाट वाकडी करून त्या गावी गेले. तिची माय घरी नव्हती. विहिरीवर गेलीय म्हणून सांगितलं. मी तिकडं गेले. काठावर गावच्या बायका पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या आणि वस्तीतल्या बायका खाली, लांब, घागरी घेऊन उभ्या होत्या. मी हाक मारली तशी ती सगळं अंग घेऊन वळली. मला ओळखलं. लेकीची खुशाली सांगितली, मुंबईला पाण्याची ददात न्हाई म्हनते, म्हणाली.  मग मी विचारलंच, लेकीवर राग आहे का?

"राग कसला, बाई," ती म्हणाली. "तिनं समदं सांगून रक्त मागितलं. म्या दिलं."

तेवढ्यात वरून कुणीतरी तिला आवाज दिला. तिनं घागर विहिरीकडं सरकवली आणि आपण मागं होऊन उभी राहिली.